सवत, भाऊबंद आणि वैरीण

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा नंबर मागेपुढे झाला, की कुणीतरी पटकन म्हणतं, “ही तर माझी सवतच निघाली!” आपण हसतो आणि पुढच्या विषयाला लागतो. आज आपण त्या शब्दापाशी जरा थांबू या.

‘सवत’ हा शब्द संस्कृतातल्या ‘सपत्नी’वरून आला. एकाच नवऱ्याच्या दोन बायका म्हणजे एकमेकींच्या सपत्नी. हे दुखणं फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त आहे. त्यातली बाई एक वनस्पती खणून काढते आणि सवत दूर जावी, नवरा आपल्या एकटीचाच राहावा, असं मागणं मागते.

आता पुढची गोष्ट ऐका. एरवी पुरुषाच्या शब्दावरून बाईचा शब्द बनतो, जसं पाटील आणि पाटलीण. इथं मात्र उलटं झालं. ‘सपत्नी’वरून पुरुषांसाठी ‘सपत्न’ शब्द बनला आणि त्याचा अर्थ झाला शत्रू. म्हणजे लढाईतल्या शत्रूला जे नाव मिळालं, ते घरातल्या सवतीवरून. आजही एखाद्या तालुक्याला पाण्याचा वाटा कमी मिळाला की पेपरात येतं, ‘सापत्न वागणूक’. तोही याच घराण्यातला शब्द.

शत्रूसाठी संस्कृतात आणखी एक शब्द होता, ‘भ्रातृव्य’. त्याचा एक अर्थ भावाचा मुलगा किंवा चुलतभाऊ, आणि दुसरा अर्थ शत्रू. पाणिनीनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी व्याकरण लिहिलं, त्यात या दुसऱ्या अर्थासाठी वेगळं सूत्रच आहे. मराठीतही तेच झालं. भाऊबंद म्हणजे आपल्याच कुळातली माणसं, पण ‘भाऊबंदकी’ म्हटलं की बांधावरचं भांडण डोळ्यांपुढे येतं. ‘दावा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ हक्क सांगणं. कोर्टात आपण दावा लावतो तो हाच. पण ‘त्यांचा उभा दावा आहे’ म्हटलं, की अर्थ होतो वैर.

सवत असो, चुलतभाऊ असो, नाहीतर दावा लावणारा असो, यातला कुणीही परमुलखातून चाल करून आलेला नाही. हे सगळे वाटेकरी आहेत. वाटा मागणाऱ्यालाच आपल्या भाषेनं शत्रू ठरवलं. आणि सवतीच्या गोष्टीत ज्यानं दुसरी बायको आणली, त्याच्यासाठी असा शिवीसारखा शब्दच बनला नाही. दोष दोघी बायकांनी आपसात वाटून घेतला.

कायद्यानं यातलं बरंच बदललं. पहिली बायको असताना दुसरं लग्न करायला मुंबई प्रांतात हिंदूंसाठी १९४६ साली बंदी आली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ती देशाच्या पातळीवर आणली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेदही काढला.

बोलणं मात्र मागेच राहिलं. बहिणीनं सातबाऱ्यावर आपलं नाव राहू द्या म्हटलं, की ती ‘वैरीण’ होते. काल तिची ओटी भरणारी भावजय आज तिला पाणी विचारत नाही. हक्कसोडपत्रावर सही केली की तीच पुन्हा गुणाची बहीण. आपल्यातल्या कितीजणींनी माहेर तुटेल या भीतीनं ती सही केली आहे! कागद काय सांगतो, हे तिथं कुणी विचारलं नाही. एका शब्दाच्या धाकानं हात पुढे गेला.

म्हणून आपण एवढं करू या. कुणी एखादीला वैरीण म्हटलं, की आधी विचारायचं, “तिनं मागितलं काय?” तिनं आपला वाटा मागितला असेल, तर ती वैरीण नाही, वाटेकरीण आहे. आणि बैठकीत पुन्हा ‘सवत’ शब्द आला, तर कर्जाचा नंबर कुणी आणि कसा ठरवला, ते वहीत बघायचं. भांडण असलंच तर ते त्या नियमाशी करू, एकमेकींशी नको.