ब्लाँडी

ब्लाँडी हा अमेरिकेतील, ओव्हनमध्ये भाजून केला जाणारा एक गोड पदार्थ आहे. ब्राउनीप्रमाणेच त्याच्या चौकोनी वड्या कापतात. मात्र त्यात कोकोऐवजी ब्राउन शुगर व व्हॅनिला यांचा स्वाद असतो. ब्राउन शुगरमधील मळीच्या अंशामुळे वडीला ओलसरपणा व सोनेरी-तपकिरी रंग येतो.

कृती

वितळवलेल्या लोण्यात ब्राउन शुगर, अंडे, व्हॅनिला, मैदा व मीठ मिसळतात. हे मिश्रण चौकोनी भांड्यात पसरून सुमारे १७५° सेल्सियस तापमानाला २० ते २५ मिनिटे भाजतात. मध्यभाग किंचित ओलसर असतानाच भांडे बाहेर काढतात. अधिक भाजल्यास वडी कोरडी होते.

मेपलचा लेप

लोणी, पिठीसाखर व मेपल सिरप एकत्र करून हा लेप बनवतात. वड्या पूर्ण थंड झाल्यावरच तो ओततात. गरम वडीवर तो वितळून आत मुरतो व पृष्ठभागावर थर जमत नाही.

मेपल सिरप हे मेपल वृक्षाचा रस आटवून तयार होते. १ लिटर सिरपसाठी साधारणतः ४० लिटर रस लागतो, त्यामुळे ते महाग असते. स्वस्त 'पॅनकेक सिरप' हे बहुधा मक्यापासून केलेल्या पाकात कृत्रिम स्वाद मिसळून बनवलेले असते. ते वापरल्यास लेप गोड होतो, परंतु त्याला खऱ्या मेपलची चव येत नाही.