द्रोणागिरीतील परवडणारी घरे

द्रोणागिरी हा नवी मुंबईच्या १४ नियोजित नोडांपैकी एक असून तो रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात, शहराच्या दक्षिण टोकाकडे आहे. मुंबईत किंवा वाशी, नेरूळ, बेलापूर यांसारख्या जुन्या नोडांत घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले आहे, अशी मध्यम व अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबे उलवे, तळोजा आणि द्रोणागिरी या बाहेरच्या नोडांकडे वळली आहेत. द्रोणागिरीत दोन प्रकारची घरे मिळतात : सिडकोने बांधून सोडतीने दिलेली घरकुले आणि साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर खासगी विकासकांनी उभारलेल्या इमारतींतील सदनिका.

स्थान व नाव

करंजा गावाजवळील द्रोणागिरी डोंगर व त्यावरील किल्ला यांवरून नोडाला हे नाव मिळाले. बोकडवीरा, नवघर, पागोटे, भेंडखळ, फुंडे, डोंगरी आणि पाणजे ही जुनी गावे नोडाच्या आत किंवा त्याच्या कडेला आहेत. उत्तरेस जवाहरलाल नेहरू बंदर असून ते १९८९ साली सुरू झाले. बंदरामुळे परिसरात कंटेनर यार्ड, गोदामे आणि मालवाहतुकीची कार्यालये वाढली. म्हणजे द्रोणागिरी हे निव्वळ मुंबईचे शयनगृह नाही. बंदरावर आणि गोदामांत काम करणाऱ्यांसाठी ते कामाच्या जागेजवळचे घरही आहे. घराच्या किमतीची चर्चा करताना ही गोष्ट अनेकदा निसटते.

जमिनीचा इतिहास

मुंबई बेटावरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन प्रकल्पासाठी ठरवण्यात आली. येथील बहुतेक जमीन भातशेती, मिठागरे आणि खाजणाची होती. मालक मुख्यतः आगरी व कोळी समाजाचे होते.

मोबदल्याच्या प्रश्नावरून उरण परिसरात झालेले आंदोलन नवी मुंबईच्या इतिहासात निर्णायक ठरले. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. दरवर्षी या दिवशी त्यांना अभिवादन केले जाते. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व तिने मान्य केले. प्रत्यक्षात सार्वजनिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होऊन ८.७५ टक्क्यांचा भूखंड हाती येतो. त्यावर १.५ चटई क्षेत्र निर्देशांक मिळतो आणि बांधकामाच्या १५ टक्क्यांपर्यंत व्यापारी वापर करता येतो.

आज द्रोणागिरीत विक्रीस असलेल्या खासगी सदनिकांपैकी पुष्कळशा अशाच भूखंडांवर आहेत. एका अर्थी मुंबईच्या नोकरदाराला परवडणाऱ्या घराची पहिली किंमत येथील शेतकऱ्याने मोजली आहे. बंदरासाठी विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्यातील मच्छीमारांचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात झाले. तेथे वाळवीने घरे पोखरल्यामुळे फेरपुनर्वसनाची मागणी अनेक दशके चालू राहिली. शिवाय कुटुंबे वाढल्यावर प्रकल्पग्रस्तांनी गावठाणाला लागून स्वतःच घरे बांधली. शासकीय भाषेत त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात आणि ती नियमित करण्याचा प्रश्न निवडणुकीपासून न्यायालयापर्यंत सर्वत्र चर्चिला गेला आहे.

सिडकोची सोडत

सिडकोने २०१८ साली जाहीर केलेल्या १४,८३८ घरांच्या योजनेत घणसोली, खारघर, कळंबोली आणि तळोजा यांच्यासह द्रोणागिरीचा समावेश होता. संगणकीय सोडत २ ऑक्टोबर २०१८ रोजी निघाली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या घराचे चटई क्षेत्र २५.८१ चौरस मीटर, तर अल्प उत्पन्न गटासाठीच्या घराचे २९.८२ चौरस मीटर होते. पहिले सुमारे २७८ चौरस फूट भरते, म्हणजे चौघांच्या कुटुंबात माणशी सत्तर फूटही नाही. दुर्बल घटकांची घरे प्रधानमंत्री आवास योजनेशी जोडलेली होती. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये होती आणि केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे अडीच लाखांचे अनुदान मिळत असे. अल्प उत्पन्न गटाची मर्यादा ६ लाख होती.

कोविड महासाथीच्या काळात ताबा लांबला. सोडतीत घर लागलेल्या अनेक कुटुंबांना चालू घराचे भाडे आणि नव्या घराचे हप्ते एकाच वेळी भरावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये सिडकोने द्रोणागिरी व तळोजा येथील ३,३२२ घरांची आणखी एक योजना जाहीर केली.

सोडतीच्या घरांबाबत एक अडचण मुळातच आहे. ठरावीक उत्पन्नाखालीच अर्ज करता येतो, परंतु तेवढ्याच उत्पन्नावर बँकेकडून पुरेसे कर्ज मिळणे अवघड जाते. मुंबई महानगर प्रदेशात दुर्बल घटकांची उत्पन्नमर्यादा २०२३ साली ३ लाखांवरून ६ लाख करण्यात आली, तिच्यामागे हेच कारण होते.

खासगी इमारतींतील घरे

साडेबारा टक्के योजनेचा भूखंड सिडकोकडून ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. मूळ शेतकरी तो विकासकाकडे देतो तेव्हा सिडको, मूळ धारक आणि नवा धारक यांच्यात त्रिपक्षीय करार होतो व हस्तांतरण शुल्क भरावे लागते. वारसांची संख्या मोठी असेल किंवा करार अपुरा असेल, तर वाद थेट सदनिकाधारकापर्यंत पोहोचतो. म्हणून येथे घर घेणाऱ्याला बांधकामाच्या दर्जाइतकेच भूखंडाच्या कागदपत्रांकडे लक्ष द्यावे लागते.

स्थावर संपदा कायदा २०१६ नुसार महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरात किंवा विक्री करता येत नाही, करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. साडेबारा टक्क्यांचे कित्येक भूखंड लहान असल्याने द्रोणागिरीत ही सवलत किरकोळ ठरत नाही. अशा इमारतीत प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हाच खरेदीदाराचा मुख्य आधार उरतो.

दळणवळण

फार काळ द्रोणागिरीहून मुंबईला जाण्याचे मार्ग दोनच होते : पनवेल किंवा बेलापूरपर्यंत रस्त्याने जाऊन हार्बर मार्गाची लोकल पकडणे, किंवा उरणजवळच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. पावसाळ्यात आणि ओहोटीच्या वेळी लाँचसेवेवर मर्यादा येते. रस्ता कंटेनर वाहणाऱ्या अवजड ट्रेलरांच्या रांगांनी अडलेला असे. आजही तो निर्धास्त नाही.

नेरूळ–उरण रेल्वेमार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा ११ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाला. उरणपर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि द्रोणागिरीला स्वतःचे स्थानक मिळाले. सुमारे २७ किलोमीटरच्या या मार्गावर सुरुवातीला दिवसाला ४० फेऱ्या होत्या. मुंबईला जाणाऱ्याला नेरूळ किंवा बेलापूर येथे गाडी बदलावी लागते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा प्रवास दीड तास किंवा त्याहून अधिक होतो, म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचे किमान तीन तास.

त्याच दिवशी शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि घरांच्या जाहिरातींत ‘मुंबई वीस मिनिटांवर’ असे मजकूर झळकू लागले. हे अंतर सेतूचे आहे, घर ते कार्यालय या प्रवासाचे नव्हे. सेतूचे टोक उरण तालुक्यात चिर्ले येथे येते. तेथून द्रोणागिरीपर्यंतचा रस्ता वेगळा मोजावा लागतो. सेतूवर दुचाकी व तीनचाकी वाहनांना बंदी आहे. मोटारीचा पथकर उद्घाटनाच्या वेळी एका फेरीस २५० रुपये आणि परतीसह ३७५ रुपये ठरला. महिन्याला २५ दिवस ये-जा केल्यास तो ९,३७५ रुपये होतो. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या १० लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ८,७०० रुपये पडतो. ज्यांच्यासाठी सोडतीची घरे बांधली गेली त्यांना सेतूचा उपयोग मुख्यतः बसनेच होऊ शकतो. बेस्ट आणि नवी मुंबई परिवहन उपक्रम यांनी २०२४ साली सेतूवरून बससेवा सुरू केल्या, परंतु त्या बेलापूर आणि नेरूळहून सुटतात.

पाणी, खारफुटी व नागरी सोयी

द्रोणागिरी नवी मुंबई महानगरपालिकेच्या किंवा पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येत नाही. नियोजनाचे अधिकार सिडकोकडे आहेत, तर जुन्या गावांत ग्रामपंचायती काम करतात. कचरा, पथदिवे आणि गटारे यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे वारंवार उभा राहतो. पाणी पेण तालुक्यातील हेटवणे धरणातून येते आणि तेच धरण खारघर व उलव्यालाही पुरवठा करते.

नोडाचा मोठा भाग भरतीच्या पातळीलगत आहे. भराव घालून आणि धारण तलाव ठेवून जमीन तयार करण्यात आली. पाणजे येथील सुमारे २८९ हेक्टरच्या पाणथळ क्षेत्रात रोहित आणि इतर स्थलांतरित पक्षी येतात. ते भरतीच्या पाण्याला खुले ठेवावे यासाठी पर्यावरण कार्यकर्ते व स्थानिक मच्छीमार लढत आले आहेत. खारफुटी आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या निर्बंधांमुळे साडेबारा टक्क्यांचे काही भूखंड वाटप होऊनही बांधकामाविना पडून राहिले. जमीन गेलेल्या शेतकऱ्याला भूखंड मिळाला, पण त्यावर घर बांधता येत नाही, अशी ही स्थिती आहे. पाणथळ जमीन बुजवली तर भरतीचे पाणी शेजारच्या गावांत शिरते, ही तक्रार उरणच्या गावकऱ्यांनी सातत्याने केली आहे आणि तिचा संबंध नव्या इमारतींच्या तळमजल्यांशीही आहे.