विकत घेतलेला खेळ कुणाचा?

‘सर, गेम विकत घेतलाय, पैसे कापले गेलेत, पण उघडत नाही.’ अशी तक्रार आता नववी-दहावीची मुलं माझ्यासारख्या भाषाशिक्षकाकडेही आणतात. वरवर पाहता हा यंत्राचा बिघाड. पण त्याच्या मागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ‘मालकी’ या शब्दाचा इतिहास आहे.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला. त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी पोचल्या. कॅसेट ज्याच्या हातात, खेळ त्याचा. ती मित्राला देता यायची, बदलून घेता यायची, विकताही यायची. चालली नाही तर फुंकर मारायची, की झाली दुरुस्ती.

पुढे एक्सबॉक्स ३६० (२००५) आणि प्लेस्टेशन ३ (२००६) यांच्यासोबत ऑनलाइन दुकान रुळलं. कॅसेटची जागा खात्याने घेतली. आता गेम आपल्या खात्याच्या नावावर परवाना म्हणून नोंदला जातो आणि चालू करताना यंत्र तो परवाना तपासतं. तपासणी फसली की पडद्यावर कुलूप दिसतं.

या कुलपाचा अर्थ जगाला २०११ मध्ये कळला. २० एप्रिलला सोनीने हॅकिंगमुळे प्लेस्टेशन नेटवर्क बंद केलं. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांचा प्रश्न होता; सेवा १४ मेपासून टप्प्याटप्प्याने परतली. मधल्या काळात डाउनलोड केलेले काही गेम एकट्यानेही खेळता येईनात, कारण त्यांनाही लॉगिन लागायचं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सला दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची अट घातली. लोक संतापले आणि १९ जूनला ती अट मागे घ्यावी लागली.

आपल्याकडे निराळीच अडचण आली. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डातून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. हप्ता कापण्यापूर्वी सूचना आणि सुरुवातीला ग्राहकाची खात्रीशीर संमती आवश्यक झाली. वर्षभराने दुकानांना कार्डाचा क्रमांक साठवून ठेवायलाही मनाई झाली. नियम ग्राहकाच्या भल्याचेच. पण अशा वेळी हप्ता चुकला की वर्गणी संपते, आणि वर्गणीसोबत मिळालेले गेम कुलूपबंद होतात. मुलाला वाटतं, माझा गेम चोरीला गेला. खरं तर तो त्याचा नव्हताच.

आपल्या फिक्हमध्ये हा भेद फार जुना आहे. वस्तू विकली तर तो ‘बय’. वस्तूचा उपभोग ठरावीक मुदतीसाठी दिला तर ‘इजारा’. इजाऱ्यात मुदत ठाऊक हवी. मुदतच माहीत नसेल तर व्यवहारात ‘गरर’, म्हणजे धोक्याची संदिग्धता शिरते. ऑनलाइन दुकान बटणावर ‘विकत घ्या’ लिहितं आणि करारात परवाना देतं, तोही कधी संपेल हे न सांगता. नाव बयचं, व्यवहार इजाऱ्यासारखा, आणि मुदत गायब. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला: हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट न सांगता डिजिटल मालाला ‘विकत घ्या’ म्हणता येणार नाही.

म्हणून मुलांना मी क्रम सांगतो. आधी कंपनीची सेवा सुरू आहे का ते पाहा. मग गेम कोणत्या खात्यातून घेतला आणि त्या खात्याचा देश कोणता, ते तपासा. घरात दोन-तीन खाती असली की घोळ बहुधा इथेच असतो. प्लेस्टेशनवर ‘परवाने पूर्ववत करा’ अशी सोय आहे, ती वापरा. पावतीचा ईमेल जपा. घाईने बँकेकडून पैसे परत मागवू नका. त्यामुळे अख्खं खातंच बंद होऊ शकतं.

आणि पुढच्या वेळी बटण दाबण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: ही वस्तू मी धाकट्या भावाला देऊ शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण खरेदी करत नाही, भाडं भरतो आहोत.