जिप्सममधील स्फटिकजल आणि लाव्हाझिएचा पहिला निबंध

पॅरिसजवळील मोंमार्त्र टेकडीच्या खाणींतील जिप्सम भाजून त्याचे प्लास्टर करण्याचा धंदा अठराव्या शतकात चांगलाच जुना झाला होता. भाजलेली भुकटी पाण्यात कालवली की घट्ट होते आणि फाजील भाजली गेली तर होत नाही, हे भट्टीवाल्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यामागील कारण मात्र रसायनवेत्त्यांनाही नीट सांगता येत नव्हते.

फेब्रुवारी १७६५ मध्ये आंत्वान लाव्हाझिए याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जिप्समवरील निबंध वाचला. त्या वेळी तो अवघा २१ वर्षांचा होता व अकादमीचा सभासदही नव्हता. लवणांच्या स्फटिकांत बांधलेले पाणी हे त्यांना भिजविणाऱ्या पाण्याहून वेगळे मानले पाहिजे, हा विचार त्याचे गुरू रुएल यांनी १७४४ मध्येच मांडला होता. लाव्हाझिएने तो तराजूवर पारखला. जिप्सम तापवून त्यातून निघालेली वाफ त्याने थंड करून गोळा केली. ते निव्वळ पाणी होते. हेच पाणी प्लास्टर परत घेते, आणि परस्परांत गुंतलेल्या सूक्ष्म स्फटिकांमुळे ते कठीण बनते, असा त्याचा निष्कर्ष होता.

मोरचूद तापविल्यास निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते. तेथे डोळ्यांनाही साक्ष मिळते. जिप्सम आधी पांढरा आणि नंतरही पांढराच. येथे वजनावाचून दुसरा पुरावा नव्हता. लाव्हाझिएच्या कार्याचा आरंभ १७७२ च्या ज्वलनविषयक प्रयोगांपासून धरण्याची जी रूढी आहे, ती म्हणूनच अपुरी वाटते. पाणी हे मूलतत्त्वच समजले जात असताना (त्याचे संयुगरूप १७८३ नंतर मान्य होऊ लागले) त्याची हिशेबाची पद्धत तयार झालेली होती.

फाजील भाजलेल्या प्लास्टरचा उलगडा पुढे ल शातल्ये याने केला. १८८३ मध्ये त्याला असे आढळले की, जिप्सम तापत असता तापमानाची वाढ दोनदा मंदावते. म्हणजे पाणी दोन टप्प्यांत सुटते. कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे असलेल्या पाण्याच्या दोन रेणूंपैकी दीड रेणू प्रथम जातो. मूळ वजनाच्या २०·९ टक्के असलेल्या पाण्यापैकी पाव हिस्सा मागे राहतो, आणि नेहमीचे प्लास्टर ते हेच. उष्णता वाढवून हा पाव हिस्साही घालविला व पदार्थ तीव्र भाजला, तर तो पाणी अत्यंत मंदपणे घेतो.