आफ्रिकेत देशांना मिळतं शेतीचं प्रगतीपुस्तक, मग २०२४ मध्ये सगळेच नापास कसे झाले?

निवडणुकीत शेतकऱ्यांना दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं, याचा हिशोब कोण ठेवतं? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही. पण आफ्रिका खंडातल्या देशांनी एक वेगळा प्रयोग केला. त्यांनी ठरवलं की शेतीसाठी काय केलं हे दर दोन वर्षांनी एकमेकांना दाखवायचं, त्यावर मार्क द्यायचे आणि निकाल जाहीरही करायचा.

हा प्रयोग काय आहे, त्यातून काय साधलं आणि तो कुठे अडला, ते समजून घेऊ.

सुरुवात कशी झाली?

२००३ मध्ये मोझांबिकची राजधानी मापुटो इथे आफ्रिकन युनियनच्या नेत्यांनी ठरवलं की सरकारी खर्चातला किमान १० टक्के वाटा शेतीवर खर्च करायचा. यातूनच 'कॅडप' हा खंडाचा शेती विकास कार्यक्रम उभा राहिला. पण पुढच्या दहा वर्षांत मोजकेच देश १० टक्क्यांपर्यंत पोहोचले.

मग २०१४ मध्ये इक्वेटोरियल गिनीतल्या मालाबो शहरात नेते पुन्हा जमले. १० टक्क्यांचं वचन कायम राहिलं आणि त्यात नवीन वचनांची भर पडली. २०२५ पर्यंत भूक संपवायची, काढणीनंतर होणारी नासाडी निम्म्यावर आणायची, आफ्रिकी देशांचा आपसातला शेतमाल व्यापार तिप्पट करायचा आणि शेतीची वाढ वर्षाला ६ टक्के ठेवायची.

सगळ्यात महत्त्वाचं वचन शेवटचं होतं. या कामाचा दर दोन वर्षांनी आढावा घ्यायचा. यालाच परस्पर उत्तरदायित्व म्हणतात. म्हणजे सरकारने जनतेला, मदत देणाऱ्या संस्थांनी सरकारला आणि देशांनी एकमेकांना उत्तर द्यायचं.

मार्क कसे मिळतात?

प्रत्येक देश चाळीसहून जास्त निकषांवर आपली आकडेवारी देतो. ती तपासून १० पैकी गुण दिले जातात. पास होण्याची रेषा मात्र एका जागी थांबत नाही, दर वेळी वर सरकते. कारण २०२५ चं उद्दिष्ट जितकं जवळ येईल, तितकं काम जास्त झालेलं असायला हवं. पहिल्या आढाव्यात ही रेषा ३.९४ होती, चौथ्यात ९.२९.

निकाल काय लागले?

- २०१८ : ४७ देशांनी माहिती दिली, २० देश योग्य वाटेवर
- २०२० : ४९ पैकी फक्त ४ (रवांडा, मोरोक्को, घाना, माली)
- २०२२ : ५१ पैकी एकटा रवांडा
- २०२४ : ४९ पैकी एकही नाही

म्हणजे परिस्थिती बिघडली का?

पूर्णपणे तसं नाही. खंडाचे सरासरी गुण ३.६० वरून ४.५६ वर गेले. म्हणजे देश पुढे सरकत होते, पण ज्या वेगाने सरकायला हवं होतं त्या वेगाने नाही. मध्ये कोविड आला, रशिया-युक्रेन युद्धामुळे गहू आणि खतं महागली, अनेक देशांवर कर्जाचा बोजा वाढला.

पण कारणं सांगून पोट भरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ मध्ये आफ्रिकेत ३० कोटींहून जास्त लोक, म्हणजे दर पाचातला एक माणूस, उपाशी किंवा अर्धपोटी होता. भूक संपवण्याची मुदत त्याच्या पुढच्याच वर्षी संपत होती.

मग या आढाव्याचा उपयोग काय?

यात दोन मोठ्या अडचणी आहेत. एक, आकडे देशाचं सरकारच देतं. अनेक ठिकाणी शेतीची पाहणी नियमित होत नाही, त्यामुळे मूळ माहितीच कच्ची असते. दोन, नापास झाल्यावर शिक्षा काहीच नाही.

तरीही आढावा वाया गेला असं म्हणता येत नाही. सगळे नापास झाले हे जगाला कळलं, ते या देशांनी स्वतःच ठेवलेल्या हिशोबामुळे. हा आकडा हातात असेल तर शेतकरी संघटना, पत्रकार आणि संसदेतले विरोधक सरकारला थेट विचारू शकतात की १० टक्के कुठे गेले? निकाल फक्त राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीत वाचला गेला, तर मात्र तो फाईलमध्येच राहतो.

आता पुढे काय?

जानेवारी २०२५ मध्ये युगांडातल्या कंपाला इथे नवीन जाहीरनामा मंजूर झाला. तो २०२६ ते २०३५ या काळासाठी आहे. शेती-अन्न उत्पादन ४५ टक्क्यांनी वाढवायचं आणि १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक उभी करायची, असं त्यात म्हटलंय. नासाडी निम्मी आणि व्यापार तिप्पट ही जुनी वचनंही पुन्हा आहेत.

म्हणजे वचनं बरीचशी तीच, तारीख मात्र दहा वर्षं पुढे गेली. या वेळी प्रगतीपुस्तक घरी आल्यावर ते उघडून जाब कोण विचारतं, यावर पुढचा निकाल ठरेल.