मधुमेहातील आरोग्यसाक्षरता

आजाराविषयीची माहिती मिळवून, समजून घेऊन तिच्या आधारे रोजचे निर्णय घेण्याची मधुमेही व्यक्तीची क्षमता. डॉक्टरांची भेट काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होते, तीही थोड्या मिनिटांची. एरवी काय खायचे, गोळी कधी घ्यायची, पायाची जखम दाखवायची की थांबायचे, हे रुग्ण आणि त्याचे घरच ठरवते. या नित्याच्या कामाला स्वयंदेखभाल म्हणतात.

रुग्णाला शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे, हा विचार बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी रुजवला. डॉक्टर व रुग्ण दोघांसाठी त्यांनी लिहिलेली पुस्तिका १९१८ साली, इन्सुलिनचा शोध लागण्याआधीच निघाली. डीन शिलिंजर व सहकाऱ्यांचा सॅन फ्रान्सिस्कोतील ४०८ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी आरोग्यसाक्षरतेच्या रुग्णांत साखरेचे नियंत्रण ढिले आणि दृष्टिपटलाचा विकार अधिक आढळला. पुढच्याच वर्षीचा त्यांचा निष्कर्ष मात्र डॉक्टरांना आरसा दाखवणारा होता : सांगितलेले रुग्णाला कळले का, हे डॉक्टर क्वचितच विचारून पाहत, जे पाहत, त्यांच्या रुग्णांची साखर अधिक आटोक्यात असे. उणीव एकट्या रुग्णाच्या पदरात टाकता येत नाही.

भारतात तर अडचण थेट सिरिंजवरच्या रेघांपासून सुरू होते. कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे, पेनच्या काडतुसातले सहसा १०० युनिटचे. पहिल्यासाठी लाल टोपणाची सिरिंज, तर १०० युनिटच्या औषधासाठी नारिंगी टोपणाची. कुपीतले औषध नारिंगी सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर अंगात ८ युनिटच जातात. १०० युनिटचे औषध लाल सिरिंजने तेवढेच ओढले, तर जातात ५०, आणि साखर जीवघेणी उतरू शकते. इथे पदवीधरही फसतो.

रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमखाली गेली की थरथर, घाम, भूक अशी लक्षणे जाणवू शकतात. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते. पण वर्षानुवर्षे साखर वर्ज्य मानलेले घर नेमके तेव्हाच कचरते. शुगरफ्री गोळी इथे निरुपयोगी.

महाराष्ट्रात गुळाला साखरेइतका दोष दिला जात नाही, आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी पथ्यात मोजली जाते. दोन्हींनी साखर चढतेच. कारल्याच्या रसावर विसंबून गोळ्या सोडणारेही आहेत. तपासणीच्या आधी दोन दिवस जेवण आवरले की उपाशीपोटीचा आकडा सुधारू शकतो. एचबीएवनसी ही रक्तचाचणी मात्र सुमारे तीन महिन्यांचा हिशेब देते. पायांची संवेदना गेलेल्यांना देवळाच्या तापलेल्या फरशीवर पोळल्याचेही कळत नाही. म्हणून तिथे मोजे घालावेत आणि रात्री तळवे आरशात पाहावेत, असे सांगितले जाते.