पाखरांच्या वहीत बायकांची नावं

आश्विन लागला की दिवेआगरच्या पुळणीवर आणि खाली हरिहरेश्वराजवळ, सावित्रीच्या मुखाशी कुरव उतरायला लागतात. त्यातले काही लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी पिल्लं वाढवून आलेले असतात. नाव तपकिरी डोक्याचा कुरव, पण थंडीत डोकं पांढरं, कानामागे नुसता ठिपका!

या पाखरांचा हिशेब कागदावर पहिल्यांदा मांडला तो साहेबांनी. बाणकोटपासून खाली दक्षिण कोकण. तिथल्या पक्ष्यांची यादी विडाल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८८० साली छापली. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. आपला मुलूख तेव्हा जंजिरा संस्थानात होता.

मग १९३० साल. सलीम अली जर्मनीहून शिकून आले, पण हाताला नोकरी नव्हती. ते बायकोसह अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथं त्यांनी सुगरणीचं घरटं रोज बसून पाहिलं. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच संसार. ही गोष्ट किहीममधून जगाला कळली. सलीम अलींचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण तहमीनाबाईंचं किती जणींनी ऐकलंय? पुढच्या रानावनातल्या मोहिमांतही त्या बरोबर असत, मुक्कामाची सगळी व्यवस्था बघत. १९३९ मध्ये त्या गेल्या.

आम्हाला वाटतं, आपल्या खाडीचंही तसंच झालं. ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्यात तुतवार, चिखल्या, लांब वाकड्या चोचीचा कोरल चरतात आणि त्याच चिखलात आपल्या बायका तिसऱ्या काढतात. पाणी कधी चढणार ते घड्याळाशिवाय कळतं: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे कोजागिरीला सकाळी सहाला खाडी उघडी, पाखरं बघायला उत्तम वेळ. ही विद्या कुठल्या यादीत नाही.

आता ती लिहायलाच हवी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानं पोफळी आडव्या केल्या. नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर घर चालतं ते पाहुण्यांवर. पाहुण्यांना पाखरं दाखवायची तर वाट, वेळ, नाव सांगणारी बाई गावातलीच असावी, आणि तिला त्याचे पैसे मिळावेत. पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांनाही तिनंच थांबवावं. भरतीला कुरव तिथंच विसावतात, सारखे उडवले तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जातं.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह असतो. त्याआधी एक काम करू. गटाची वही मागच्या पानापासून उघडायची. घरातल्या म्हाताऱ्या बायका समुद्री गरुडाला काकण म्हणतात की आणखी काही, कोरलाला कुठलं नाव देतात, ते विचारून लिहायचं. पुढे सांगणारीचं नाव आणि तिथी. पुढच्या बैठकीला वही घेऊन या.